शंभर सह्यांचा कागद

आपल्या शालेय इतिहासात अमेरिका सहसा दोनदा भेटते. एकदा १७७६ च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यात आणि दुसऱ्यांदा अब्राहम लिंकन यांच्या चरित्रात. सर्व माणसे समान आहेत असे त्या जाहीरनाम्याने जगाला सांगितले, हे वाक्य विद्यार्थी पाठ करतात आणि उत्तरपत्रिकेत लिहितात. वर्गात हा धडा शिकवताना मला नेहमी एका शब्दापाशी थांबावे लागते. आपण भाषांतरात 'माणसे' म्हणतो. मूळ इंग्रजी शब्दाचा अर्थ 'माणसे' असा होतो आणि 'पुरुष' असाही होतो. आपण दोन भाषांच्या प्रदेशात राहणारी मंडळी. एका भाषेतला शब्द दुसऱ्या भाषेत नेताना काय काय हातचे सुटते, हे आपल्याला वेगळे सांगायला नको. पण इथे प्रश्न नुसत्या भाषांतराचा नव्हता. तो शब्द कोणत्या अर्थाने घ्यायचा, याचा निकाल लागायला अमेरिकेतील स्त्रियांना १७७६ पासून १९२० पर्यंत, म्हणजे १४४ वर्षे वाट पाहावी लागली.

तो शब्द लिहिला जाण्याआधीच एका बाईने सूचना दिली होती. जॉन अ‍ॅडम्स हे पुढे अमेरिकेचे दुसरे अध्यक्ष झाले. ते फिलाडेल्फियात स्वातंत्र्याच्या खटपटीत असताना त्यांच्या पत्नी अ‍ॅबिगेल यांनी ३१ मार्च १७७६ रोजी त्यांना पत्र लिहिले. नवे कायदे कराल तेव्हा बायकांची आठवण ठेवा, नवऱ्यांच्या हाती अमर्याद सत्ता देऊ नका, असा त्याचा आशय होता. अ‍ॅडम्स यांनी ते हसण्यावारी नेले. न्यू जर्सी या एकाच राज्याच्या घटनेत मतदाराचे वर्णन करताना लिंगभेद केलेला नव्हता. पन्नास पौंडांची मालमत्ता असली की झाले. त्यामुळे तेथील विधवा आणि अविवाहित स्त्रिया काही वर्षे खरोखर मतदान करीत. १८०७ मध्ये नवा कायदा करून तेवढीही फट बुजवण्यात आली.

लग्नानंतर उरते काय?

त्या काळच्या स्त्रीची कायद्यातील स्थिती समजल्याशिवाय पुढची चळवळ समजणार नाही. अमेरिकेने राजा नाकारला, पण इंग्लंडचा कायदा ठेवून घेतला. त्या कायद्याप्रमाणे लग्न झाले की पती आणि पत्नी ही एकच व्यक्ती ठरे, आणि ती व्यक्ती म्हणजे पती. पत्नीने मिळवलेली मजुरी नवऱ्याची. तिने माहेरहून आणलेला पैसाअडका आणि चीजवस्तू नवऱ्याची. तिला स्वतःच्या नावाने करार करता येत नसे, कोर्टात फिर्याद लावता येत नसे. मुलांचा ताबाही बापाकडे.

हा कायदा बदलावा म्हणून न्यू यॉर्क राज्यात पहिली खटपट केली ती अर्नेस्टिन रोझ या बाईंनी. त्या पोलंडमधल्या एका ज्यू धर्मगुरूच्या कन्या. बापाने न विचारता ठरवलेले लग्न मोडण्यासाठी आणि आईकडून आलेली मालमत्ता राखण्यासाठी त्या सोळाव्या वर्षी कोर्टात उभ्या राहिल्या होत्या. १८३६ मध्ये त्या न्यू यॉर्कला आल्या. विवाहित स्त्रीला मालमत्तेचा हक्क द्यावा, असा विधिमंडळाकडे द्यायचा अर्ज घेऊन त्या दारोदार हिंडल्या. पाच महिन्यांत सह्या मिळाल्या फक्त पाच. बऱ्याच बायका म्हणत, आम्हाला पुष्कळ हक्क आहेत. काही म्हणत, सही केली तर घरातले पुरुष हसतील.

तरीही अर्ज जात राहिले. अखेर एप्रिल १८४८ मध्ये न्यू यॉर्कने विवाहित स्त्रीच्या मालमत्तेचा कायदा केला. त्यामागे केवळ न्यायबुद्धी नव्हती. लेकीला दिलेली इस्टेट जावयाच्या कर्जात बुडू नये, ही धनिक बापांची काळजीही त्यात होती. इतिहासात असे पुष्कळदा घडते; चांगल्या कामाला निरनिराळ्या हेतूंची माणसे खांदा देतात.

गुलामगिरीच्या प्रश्नातून स्वतःच्या प्रश्नाकडे

अमेरिकन स्त्री सार्वजनिक व्यासपीठावर आली ती स्वतःचे हक्क मागायला नव्हे. गुलामांचे हक्क मागायला आली. सारा आणि अँजेलिना ग्रिमके या दोन बहिणी दक्षिण कॅरोलिनातील गुलाम बाळगणाऱ्या श्रीमंत घराण्यातल्या. घरातले हाल डोळ्यांनी पाहिलेल्या या बहिणी उत्तरेत येऊन गुलामगिरीविरुद्ध भाषणे करू लागल्या. सभेला पुरुषही येऊ लागले, तेव्हा १८३७ मध्ये मॅसॅच्युसेट्समधील धर्मोपदेशकांनी पत्रक काढून, स्त्रीने असे जाहीर बोलणे तिच्या स्वभावधर्माविरुद्ध आहे, असा इशारा दिला. गुलामाची बाजू मांडण्यासाठी आधी बोलण्याचा हक्क मिळवावा लागेल, हे या बहिणींच्या ध्यानात आले. मे १८३८ मध्ये फिलाडेल्फियातील नव्या कोऱ्या सभागृहात अँजेलिना बोलत असताना बाहेरच्या जमावाने खिडक्यांवर दगड मारले. दुसऱ्या दिवशी ते सभागृह जाळून टाकले.

१८४० मध्ये लंडनला जागतिक गुलामगिरीविरोधी परिषद भरली. अमेरिकेहून रीतसर निवडून आलेल्या प्रतिनिधींत काही स्त्रिया होत्या. त्यांत फिलाडेल्फियाच्या ल्युक्रेशिया मॉट या क्वेकर पंथाच्या उपदेशिका होत्या. क्वेकर मंडळी सभेत स्त्रीला बोलू देत, त्यामुळे या चळवळीत त्या पंथाच्या स्त्रिया पुष्कळ दिसतात. परिषदेत पहिल्याच दिवशी वाद झाला आणि स्त्रियांना प्रतिनिधी म्हणून बसू द्यायचे नाही असे ठरले. त्यांना बाजूला प्रेक्षकांत बसवले. गुलामगिरीविरोधी चळवळीचे झुंजार संपादक विल्यम लॉइड गॅरिसन उशिरा पोहोचले. घडला प्रकार कळताच आपले आसन नाकारून तेही प्रेक्षकांत जाऊन बसले. याच परिषदेला नवऱ्याबरोबर आलेली, नुकतेच लग्न झालेली एक पंचविशीतली तरुणी होती. तिचे नाव एलिझाबेथ कॅडी स्टँटन. माणसाच्या स्वातंत्र्यासाठी भरलेल्या सभेत अर्ध्या माणसांना तोंड उघडायची बंदी, हे तिने तेथे पाहिले. मॉटबाई आणि ती यांची ओळख झाली ती तिथेच.

सेनेका फॉल्सचे दोन दिवस

पुढे आठ वर्षे गेली. स्टँटनबाई न्यू यॉर्क राज्यातील सेनेका फॉल्स या गिरण्यांच्या छोट्या गावी संसार करीत होत्या. मुले लहान, नवरा कामासाठी बाहेरगावी, घरात आजारपण. ९ जुलै १८४८ रोजी शेजारच्या वॉटर्लू गावी जेन हंट यांच्याकडे पाच बायका चहाला जमल्या. त्यांत मॉटबाई होत्या आणि स्टँटनबाईही. बोलता बोलता परिषद भरवायचे ठरले आणि स्थानिक वर्तमानपत्रात सूचनाही दिली गेली. तयारीला दहा दिवस.

जाहीरनामा कसा लिहावा, हे कुणालाच माहीत नव्हते. शेवटी त्यांनी १७७६ चाच जाहीरनामा समोर घेतला. त्यात जिथे राजावर आरोप होते तिथे पुरुषांच्या सत्तेवरचे आरोप घातले; आणि समानतेच्या त्या प्रसिद्ध वाक्यात 'स्त्रिया' हा शब्द मिळवला. आरंभी ज्या शब्दाविषयी मी लिहिले, त्याचा अर्थ या बायकांनी स्वतः लिहून टाकला.

१९ आणि २० जुलैला वेस्लियन पंथाच्या प्रार्थनामंदिरात परिषद भरली. मंडळी येऊन पाहतात तो दाराला कुलूप. तेव्हा स्टँटनबाईंच्या भाच्याला खिडकीतून आत उतरवून दार उघडून घेतले. सुमारे तीनशे माणसे जमली. सभेचे अध्यक्षस्थान मॉटबाईंचे यजमान जेम्स मॉट यांनी भूषविले, कारण स्त्रीने अध्यक्ष व्हावे हे त्या स्त्रियांनाही फार वाटले. दोनच आठवड्यांनी रॉचेस्टर येथे पुढची सभा झाली, तेव्हा अ‍ॅबिगेल बुश यांना अध्यक्ष करायचे ठरले. त्याला विरोध कुणी केला? खुद्द स्टँटन आणि मॉट यांनी! स्त्रीने सभा चालवणे हा त्यांना भलताच धोक्याचा प्रयोग वाटला. बुशबाईंनी सभा उत्तम चालवली. जुन्या सवयी अशा असतात. त्या मोडायला निघालेल्यांच्याही अंगात असतात.

सेनेका फॉल्सला मालमत्ता, शिक्षण, नोकरी, धर्मकार्य यांविषयीचे ठराव एकमताने मंजूर झाले. अडले ते एका ठरावावर. नववा ठराव मताच्या हक्काचा होता. ही मागणी केली तर लोक आपल्याला हसतील, असे मॉटबाईंनाही वाटत होते. ठराव पडणार असे दिसत असताना एक गृहस्थ उठले. त्यांचे नाव फ्रेडरिक डग्लस. दहा वर्षांपूर्वी ते गुलामगिरीतून पळून आले होते आणि आता रॉचेस्टरला स्वतःचे वर्तमानपत्र चालवीत होते. मताच्या हक्कावाचून बाकीचे हक्क टिकत नाहीत, या मुद्द्यावर ते बोलले. ठराव मंजूर झाला. शतकानुशतके ज्यांना माणूस मानले नव्हते त्यांच्यातल्या एकाने ही बाजू सावरावी, हे ध्यानात ठेवायला हवे. त्याचा संदर्भ पुढे येणार आहे.

जाहीरनाम्यावर शंभर जणांनी सह्या केल्या. ६८ स्त्रिया आणि ३२ पुरुष. त्यांत शार्लट वुडवर्ड ही अठरा-एकोणीस वर्षांची मुलगी होती. ती घरी बसून हातमोजे शिवून द्यायची, आणि त्या शिलाईचा पैसा तिच्या हाती राहत नसे. वर्तमानपत्रांनी परिषदेची टर उडवली, तेव्हा सही केलेल्यांपैकी अनेकांनी आपली नावे मागे घेतली. त्यांना भेकड म्हणण्याची घाई आपण करू नये. लहान गावात ज्यांनी सही केली आहे, त्यांना सहीची किंमत ठाऊक असते.

जाहीरनामा डग्लस यांच्या छापखान्यात छापला गेला. त्या छापील प्रती आज उपलब्ध आहेत. पण सह्यांचा मूळ कागद गहाळ झाला. तो अजूनही सापडलेला नाही.

शिक्षकांच्या सभेतील प्रश्न

१८५१ मध्ये स्टँटनबाईंची सुझन बी. अँथनी यांच्याशी गाठ पडली. अँथनी या क्वेकर घरातल्या आणि पूर्वी शिक्षिका असलेल्या. त्या अविवाहित होत्या, तर स्टँटनबाईंना पुढे एकूण सात मुले झाली. एकीने लिहायचे आणि दुसरीने गावोगाव जाऊन बोलायचे, अशी त्यांची जोडी पन्नास वर्षे टिकली. अँथनी घरी येऊन मुले सांभाळीत आणि तेवढ्या वेळात स्टँटनबाई भाषण लिहून काढीत.

शिक्षकी पेशातला म्हणून मला १८५३ सालचा एक प्रसंग फार मोलाचा वाटतो. रॉचेस्टरला न्यू यॉर्क राज्याच्या शिक्षकांचे अधिवेशन भरले होते. हजर असलेल्यांत बहुसंख्य शिक्षिका, पण बोलत होते फक्त पुरुष. वकील, डॉक्टर, धर्मोपदेशक यांना मान मिळतो तसा शिक्षकाला का मिळत नाही, यावर चर्चा चालली होती. अँथनी उठून उभ्या राहिल्या आणि बोलण्याची परवानगी मागितली. द्यावी की नाही यावर पुरुषांचा अर्धा तास खल झाला आणि थोड्या मतांनी परवानगी मिळाली. तोपर्यंत अँथनी उभ्याच होत्या. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: वकील, डॉक्टर किंवा उपदेशक होण्याची बुद्धी स्त्रीला नाही असे समाज मानतो, पण शिक्षिका होण्याइतकी आहे असे मानतो. मग जो पुरुष शिक्षक होतो तो आपली बुद्धी स्त्रीइतकीच असल्याचे कबूल करतो, हे तुमच्या ध्यानात येत नाही का? तुमचा मान वाढायला हवा असेल तर स्त्रीच्या कामाचा मान आधी वाढवा. हा मुद्दा दयेची याचना नव्हता. हातातले सूत सोडवून दाखवावे तसा तो सरळ हिशेब होता.

याच सुमारास त्यांनी सह्यांची मोहीम शिस्तीत बांधली. न्यू यॉर्क राज्याच्या साठ जिल्ह्यांसाठी साठ जणी नेमल्या. दहा आठवड्यांत सहा हजार सह्या गोळा झाल्या. रोझबाईंच्या पाच सह्यांशी ही संख्या ताडून पाहावी! १८५६ मध्ये विधिमंडळाच्या समितीने या अर्जांवर जो अहवाल दिला तो मात्र निव्वळ थट्टेचा होता. ज्या अर्जावर नवरा-बायको दोघांनी सह्या केल्या आहेत त्यांनी आपसात कपडे बदलून घेण्याचा कायदा मागावा, अशी शिफारस समितीने केली. सभागृहात हशा पिकला. अर्ज करणारणींनी पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज केला. १८६० मध्ये कायदा झाला. स्त्रीची मजुरी तिची ठरली आणि मुलांच्या ताब्यात तिलाही वाटा मिळाला. पण यादवी युद्धाच्या गडबडीत बायकांचे लक्ष दुसरीकडे असताना, १८६२ मध्ये त्यातला काही भाग विधिमंडळाने गुपचूप काढून घेतला. मिळालेला हक्क राखण्यासाठीही जागे राहावे लागते, हा धडा त्यांना महाग पडला.

याच काळातले आणखी एक नाव म्हणजे सोजर्नर ट्रूथ. न्यू यॉर्क राज्यात गुलाम म्हणून जन्मलेल्या या बाईंनी १८५१ मध्ये ओहायोतील अ‍ॅक्रनच्या परिषदेत भाषण केले. त्याचा वृत्तान्त पुढच्याच महिन्यात एका वर्तमानपत्रात आला. त्यानंतर बारा वर्षांनी, १८६३ मध्ये, परिषदेच्या अध्यक्षबाईंनी आठवणीतून ते भाषण पुन्हा लिहिले आणि त्यांच्या तोंडी दक्षिणेतल्या गुलामांची बोली घातली. वास्तविक ट्रूथबाईंची मातृभाषा डच होती आणि दक्षिणेशी त्यांचा संबंध नव्हता. जगभर गाजले ते हे दुसरे रूप. दुसऱ्याच्या वतीने बोलणारा माणूस त्याची भाषाही बदलून टाकतो. इतिहासाच्या विद्यार्थ्याने म्हणूनच जुना कागद आधी पाहावा.

चळवळीतील फूट

युद्धकाळात स्टँटन आणि अँथनी यांनी आपली मागणी बाजूला ठेवली आणि गुलामगिरी घटनेनेच नष्ट करावी म्हणून सह्या जमवल्या. फेब्रुवारी १८६४ मध्ये पहिल्या एक लाख सह्यांचे गठ्ठे सिनेटमध्ये नेण्यात आले. एकूण आकडा चार लाखांच्या घरात गेला. तेराव्या घटनादुरुस्तीने १८६५ मध्ये गुलामगिरी गेली.

आता आपल्याही पदरात काही पडेल असे त्यांना वाटले. झाले उलटेच. १८६८ च्या चौदाव्या दुरुस्तीत मतदाराचे वर्णन करताना 'पुरुष' हा शब्द घटनेत पहिल्यांदाच स्पष्टपणे आला. १८७० च्या पंधराव्या दुरुस्तीने वंश आणि वर्ण यांवरून मत नाकारायला बंदी केली, पण लिंगाचा उल्लेख टाळला. ही वेळ कृष्णवर्णीयांची आहे, तुम्ही थांबा, असे जुने मित्र सांगू लागले.

मे १८६९ च्या सभेत हा वाद उघड्यावर आला. डग्लस म्हणाले, आमच्या लोकांना केवळ वर्णामुळे ठार मारले जाते. आमच्यासाठी मत हा जगण्यामरण्याचा प्रश्न आहे. काळ्या स्त्रीचेही तसेच नाही का, असे कुणी विचारले तेव्हा ते म्हणाले, आहे, पण ती स्त्री आहे म्हणून नव्हे, काळी आहे म्हणून. स्टँटनबाईंनी या काळात जे लिहिले आणि बोलले, ते त्यांच्या नावाला शोभणारे नव्हते. शिकल्यासवरल्या गोऱ्या स्त्रीला डावलून अडाणी काळ्या आणि परदेशी पुरुषांना मत देता, अशी भाषा त्यांनी वापरली. ज्याने त्यांचा नववा ठराव तारला, त्याच्याच समाजाविषयी ही भाषा होती. त्याच वर्षी संघटना दुभंगली. स्टँटन आणि अँथनी एकीकडे, ल्युसी स्टोन आणि त्यांचे सहकारी दुसरीकडे. ही फूट सांधायला १८९० साल उजाडले.

हा भाग पुष्कळ चरित्रकार दोन ओळींत आटोपतात. मला वाटते, तोच सविस्तर शिकवायला हवा. दोन वंचितांपुढे एकच भाकरी टाकली की ते आपसात भांडतात, आणि भाकरी टाकणारा बाजूला उभा राहतो. भांडणाऱ्यांची भूक खरी असते, पण त्यामुळे त्यांचे शब्द निर्दोष ठरत नाहीत. डग्लस यांनी मात्र स्त्रियांची बाजू सोडली नाही. २० फेब्रुवारी १८९५ रोजी ते वॉशिंग्टनमध्ये स्त्रियांच्या सभेला हजर होते. त्याच संध्याकाळी घरी त्यांचे निधन झाले.

दरम्यान चळवळ निरनिराळ्या वाटांनी चालू होती. १० डिसेंबर १८६९ रोजी पश्चिमेकडील वायोमिंग प्रदेशाने स्त्रियांना मत दिले. ५ नोव्हेंबर १८७२ रोजी अँथनी यांनी रॉचेस्टरला सरळ जाऊन मत टाकले. त्यांना अटक झाली. पुढच्या जूनमध्ये खटला चालला, तेव्हा न्यायाधीशांनी पंचांना विचार करू न देताच दोषी ठरवायला लावले आणि शंभर डॉलर दंड केला. मी एक डॉलरही देणार नाही, असे अँथनी यांनी तेथेच सांगितले, आणि तो दंड त्यांनी अखेरपर्यंत भरला नाही. १८७५ मध्ये सुप्रीम कोर्टाने निकाल दिला की स्त्री नागरिक आहे, पण नागरिकत्वाबरोबर मत येतेच असे नाही. आता घटनादुरुस्तीवाचून मार्ग उरला नाही. ती १८७८ मध्ये काँग्रेसपुढे प्रथम आली.

आपल्या दोन बायका

या इतिहासात दोन मराठी स्त्रिया प्रत्यक्ष शिरल्या, हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक नसते. फिलाडेल्फियात १८५० मध्ये क्वेकर मंडळींच्या पुढाकाराने स्त्रियांसाठी वैद्यकीय कॉलेज निघाले होते. १८६९ मध्ये तेथील विद्यार्थिनी एका रुग्णालयात व्याख्यानाला गेल्या, तेव्हा पुरुष विद्यार्थ्यांनी हुर्यो करून त्यांच्यावर कागदाचे बोळे फेकले होते. त्याच कॉलेजातून ११ मार्च १८८६ रोजी आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या. कोल्हापूरच्या रुग्णालयात त्यांची नेमणूकही झाली होती. पण क्षयाने त्यांना गाठले आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, वयाची बावीस वर्षे पुरी होण्याआधीच, पुण्यात त्यांचे निधन झाले.

त्यांच्या पदवीदान समारंभासाठी इंग्लंडहून पंडिता रमाबाई आल्या होत्या. कर्नाटकातल्या सह्याद्रीच्या रानात, गंगामूळ येथे १८५८ मध्ये जन्मलेल्या रमाबाईंना संस्कृत शिकवले ते आईवडिलांनी. थोड्या दिवसांसाठी आलेल्या रमाबाई अमेरिकेत अडीच वर्षांहून अधिक राहिल्या. मद्यपानविरोधी चळवळीच्या नेत्या फ्रान्सिस विलर्ड यांच्याशी त्यांचा स्नेह जडला. सेनेका फॉल्सला चाळीस वर्षे झाली म्हणून मार्च १८८८ मध्ये वॉशिंग्टनला स्त्रियांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली, तिलाही त्या हजर होत्या. ज्यांची नावे आपण वर वाचली त्या स्टँटन, अँथनी आणि डग्लस यांनी ती परिषद गाजवली. परत आल्यावर १८८९ मध्ये रमाबाईंनी 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त' हे पुस्तक मराठीत प्रसिद्ध केले. त्यात अमेरिकन स्त्रियांच्या स्थितीवर आणि संघटनांवर विस्ताराने लिहिले आहे. म्हणजे ही चळवळ ऐन भरात असतानाच तिचा वृत्तान्त मराठी वाचकाला मराठीतून मिळाला होता. आपण तो विसरलो, ही गोष्ट वेगळी.

शेवटचे एक मत

स्टँटनबाई १९०२ मध्ये गेल्या, अँथनी १९०६ मध्ये. दोघींनाही कायद्याने राष्ट्रीय निवडणुकीत मत देता आले नाही. पुढच्या पिढीत कॅरी चॅपमन कॅट यांनी संघटना बांधली, तर अ‍ॅलिस पॉल यांनी जानेवारी १९१७ पासून व्हाइट हाउससमोर फलक घेऊन मूक उभे राहण्याचा मार्ग घेतला. त्यांच्या सहकारी तुरुंगात गेल्या. उपोषण केले तेव्हा नळीने जबरदस्तीने अन्न घालण्यात आले. जुना डागही गेला नव्हता. ३ मार्च १९१३ च्या वॉशिंग्टनच्या मिरवणुकीत आयडा वेल्स या कृष्णवर्णीय पत्रकार बाईंना शेवटी चालायला सांगितले होते. त्यांनी ते ऐकले नाही. वाटेत आपल्या इलिनॉय राज्याच्या तुकडीत त्या शिरल्या आणि चालत राहिल्या.

४ जून १९१९ रोजी सिनेटने दुरुस्ती मंजूर केली. आता ३६ राज्यांची संमती हवी होती. पस्तीस मिळाली आणि गाडे टेनेसी राज्यावर अडले. १८ ऑगस्ट १९२० रोजी तेथील विधिमंडळात मतदान होते. हॅरी बर्न हे चोवीस वर्षांचे सर्वांत तरुण सभासद विरोधकांचे लाल गुलाबाचे फूल कोटाला लावून बसले होते. पण त्यांच्या खिशात आईचे पत्र होते. बायकांच्या बाजूने मत दे, असे तिने कळवले होते. बर्न यांनी 'होय' म्हटले आणि दुरुस्ती मंजूर झाली. दुसऱ्या दिवशी त्यांनी सांगितले, आईचा सल्ला मुलाने ऐकावा हे उत्तम. २६ ऑगस्टला एकोणिसावी दुरुस्ती घटनेचा भाग झाली.

कॅटबाईंनी पुढे हिशेब मांडला, त्यात पुरुष मतदारांपुढे नेलेली ५६ सार्वमते, राज्यांच्या विधिमंडळांपुढे केलेल्या ४८० मोहिमा आणि ओळीने १९ काँग्रेसपुढे केलेले प्रयत्न मोजले आहेत. तरीही सर्व स्त्रियांना मत मिळाले नाही. दक्षिणेतील काळ्या स्त्रियांना कर आणि परीक्षा यांच्या अडथळ्यांनी रोखले गेले. त्यांच्यासाठी १९६५ चा मतदान हक्क कायदा यावा लागला.

सेनेका फॉल्सच्या जाहीरनाम्यावर सही केलेल्यांपैकी १९२० मध्ये एकच बाई हयात होती. ती हातमोजे शिवणारी शार्लट वुडवर्ड. वय नव्वदीच्या घरात. नोव्हेंबरमध्ये मतदान झाले, तेव्हा ती आजारी होती. तिला मत देता आले नाही.

आपल्या भागाला अर्ज, निवेदने आणि ठराव यांची ओळख करून द्यायला नको. पुष्कळ घरांतून आजोबांनी सही केली, मग मुलाने केली, आता नातू विचारतो की या कागदांनी झाले काय? हा प्रश्न वर्गातली मुलेही विचारतात, आणि त्यांना टाळून चालत नाही. शार्लटच्या सहीचा तिला स्वतःला उपयोग झाला नाही, हे त्यांना खरेखरे सांगावे. तिची सही इतरांच्या हक्काआड कधी कधी वापरली गेली, हेही सांगावे. आणि मग हेही सांगावे की १९२० च्या त्या नोव्हेंबरात लक्षावधी अनोळखी बायका सकाळी घरातली कामे आटोपून मतदानाला गेल्या, तेव्हा त्यांना कुणी हसले नाही. अशी मागणी केली तर लोक हसतील, ही तर १८४८ सालची मुख्य भीती होती.